कोणी बदललं, कधी आणि कशासाठी

१९८४ च्या जुलैत ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात डिक ग्रून नावाचे अध्यापक दोन विद्यार्थ्यांना घेऊन एका सी कंपायलरच्या कामाला लागले. तिघांच्या वेळा काही केल्या जुळेनात. एक विद्यार्थी नऊ ते पाच, घड्याळ लावून काम करणारा. दुसऱ्याच्या येण्याजाण्याला धरबंध नाही. खुद्द ग्रून यांना सवड मिळायची ती संध्याकाळी. त्या काळी हाताशी असलेली आरसीएस ही प्रणाली फायलीला कुलूप घालायची. एकाने फाइल घेतली की ती परत करेपर्यंत बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. अशा त्रिकुटाचं त्यावर भागणं कठीणच होतं. म्हणून ग्रून यांनी आरसीएसच्या डोक्यावर काही शेल स्क्रिप्ट बसवल्या. तिघांनी आपापल्या प्रतीत बिनधास्त काम करायचं आणि बदल नंतर एकत्र आणायचे, अशी सोय त्यातून झाली. १९८६ मध्ये त्यांनी त्या स्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुल्या केल्या. यातूनच पुढे जगभर वापरली गेलेली सीव्हीएस घडली.

व्हर्जन कंट्रोलचा वर्ग घेणाऱ्याने या गोष्टीपासून सुरुवात केली तर निम्मं काम हलकं होतं. तिघांनी एकच काम वेगवेगळ्या वेळी करायचं आणि कोणाचं कष्टाने केलेलं पुसलं जाऊ नये, ही अडचण समजायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वर्ग कमांडच्या यादीने सुरू होतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच मागची रांग मोबाइल काढते.

मूळ कल्पना साधी आहे. फाइल आज कशी आहे एवढंच न ठेवता ती अशी कशी झाली, कोणी केली, कधी केली आणि कशासाठी केली, याची नोंद ठेवायची. महाराष्ट्रात ही कल्पना शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. मालक बदलला की जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात, आणि सोबत फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहिली की हा बदल खरेदीखताने झाला, वारसाने की वाटणीने, ते तारखेसह कळतं. तलाठी नोंद घालतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. फोल्डरमध्ये समोर दिसणारी फाइल हा सातबारा धरला, तर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या गिट या व्हर्जन कंट्रोल प्रणालीतला इतिहास ही फेरफार नोंदवही आणि एकेक कमिट हा एकेक फेरफार. फरक असा की गिटमध्ये अख्खी नोंदवही प्रत्येकाच्या संगणकावर असते. (प्रत्येक खातेदाराच्या घरी गावाची संपूर्ण फेरफार नोंदवही ठेवली तर भाऊबंदकीचं काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.) शिवाय प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरी ओळख मिळते. ती त्या कमिटच्या मजकुरातून आणि आधीच्या कमिटच्या ओळखीतून तयार होते. त्यामुळे मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली तर तिथून पुढच्या सगळ्या नोंदींची ओळख बदलते आणि लबाडी उघडी पडते.

इथपर्यंत कोणीच गोंधळत नाही. गोंधळ सुरू होतो तो अवजार हातात घेतल्यावर, आणि त्याचं कारण त्या अवजाराच्या जन्मात आहे.

२००२ पासून लिनक्स कर्नलचं काम बिटकीपर या एका कंपनीच्या प्रणालीवर चालत होतं. वापर फुकट होता, पण अटी होत्या. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने बिटकीपरच्या सर्व्हरला टेलनेटने जोडून घेतलं आणि 'हेल्प' असं टाइप केलं. सर्व्हरने कमांडची यादी त्याच्यापुढे ठेवली. प्रणालीची उकल करण्याच्या या उद्योगावरून वाद पेटला आणि २००५ मध्ये फुकट वापराची सवलत गेली. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ ला स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधाराने बाहेर पडली. जुलैत त्यांनी देखभालीची जबाबदारी ज्युनिओ हमानो यांच्याकडे सोपवली.

घाई मोठी होती आणि गिऱ्हाईक ठरलेलं होतं: जगभरातून येणारे शेकडो बदल तपासून एकत्र करणारा, टर्मिनलवर राहणारा माणूस. पहिल्यांदाच फोल्डर उघडणारी बीकॉमची विद्यार्थिनी त्या वेळी कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हती. म्हणून गिटमध्ये 'चेकआउट' ही एकच कमांड दोन भलत्याच कामांसाठी वापरली जायची. तीच कामाच्या एका शाखेतून (समांतर धारेतून) दुसऱ्या शाखेत नेणार आणि तीच फाइलमधले न नोंदवलेले बदल कायमचे उडवणार. नवख्याने यात दिवसभराचं काम घालवलं तर दोष कोणाचा? ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या कमांड दिल्या गेल्या. म्हणजे चूक सुधारायला चौदा वर्षं गेली, आणि अनेक शिक्षक अजूनही सवयीने 'चेकआउट'च शिकवतात. एमआयटीच्या सँटियागो पेरेझ दे रोस्सो आणि डॅनियल जॅक्सन यांनी २०१३ मध्ये गिटच्या अंतर्गत संकल्पनांचीच चिरफाड केली आणि त्याच पायावर गिटलेस नावाची सुटसुटीत प्रणाली करून दाखवली. वापरणाऱ्याचा गोंधळ गिटच्या रचनेतूनच येतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याला वर्गात आपण ढ आहोत असं वाटतंय, त्याला हे ऐकवणं उपयोगाचं ठरतं.

प्रोग्रॅमर नसलेल्यांना गिट शिकवण्याचा सर्वांत दांडगा अनुभव आहे तो सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाला. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत तो सुरू केला. समोर बसणारे भौतिकशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ. या उपक्रमाच्या गिटच्या धड्यात बरीच वर्षं ड्रॅक्युला आणि लांडगामानव मंगळावर यान पाठवायच्या योजनेवर मिळून काम करत होते आणि मंगळाला दोन चंद्र असणं लांडगामानवाला कसं बाधेल याची टिपणं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत होते. पुढे तिथे ग्वाकामोले या मेक्सिकन चटणीची पाककृती आली. धड्यात प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा नाही, आणि ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. गिट आणि पायथन एकदम डोक्यात घालायला गेलं की दोन्ही बाहेर सांडतात.

या वर्गांची आणखी एक पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद देतात. काम झालं की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर, अडलं की दुसरा. शिक्षक मान वर करून एका नजरेत वर्ग वाचतो. आपल्या वर्गात "समजलं का?" असं विचारलं की "हो सर" हे उत्तर आपोआप येतं. कागदाला तेवढी भीड नसते.

मराठी वर्गात ग्वाकामोलेच्या जागी पुरणपोळी ठेवावी. त्याआधी दहा मिनिटं, काहीही इन्स्टॉल न करता, मराठी विकिपीडियावरचं एखादं पान उघडून त्याचा इतिहास दाखवावा. जुन्यात जुन्या आवृत्तीपर्यंत जाता येतं, कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो. व्हर्जन कंट्रोलचं फळ आधी दिसलं की झाड लावायचा उत्साह येतो.

मग रिकामा फोल्डर घ्यायचा, त्यात 'गिट इनिट' म्हणायचं आणि पुरणपोळी नावाची टेक्स्ट फाइल करायची: हरभरा डाळ एक वाटी, गूळ एक वाटी, वेलची, जायफळ. आता 'गिट स्टेटस' विचारलं की पडद्यावर पुरणपोळी दिसत नाही. अवतरणचिन्हांत तिरक्या रेघा आणि आकड्यांची माळ उमटते: ३४०, २४४, २५२, ३४०, २४५, २०१ आणि पुढे बरंच काही. पहिले तीन आकडे म्हणजे प, पुढचे तीन म्हणजे उकार. गिट इंग्रजीबाहेरच्या लिपीतली नावं अशी बाइट-बाइट सोडवून दाखवतं. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली की पुरणपोळी पुन्हा पुरणपोळी होते. इंग्रजी पुस्तकांतून शिकवणाऱ्याला हा अडथळा ठाऊकच नसतो, कारण त्याची फाइल कधी देवनागरीत नसते. फायलीच्या आतल्या मजकुराला मात्र काही होत नाही, तो व्यवस्थित दिसतो.

पहिल्या कमिटला गिट आधी 'तुम्ही कोण ते सांगा' म्हणून अडवतं. नाव आणि ईमेल एकदा भरले की त्या संगणकावर कायम राहतात. कॉलेजच्या लॅबमध्ये इथेच घोटाळा होतो. सकाळच्या बॅचमधल्याने भरलेलं नाव तसंच असतं आणि दुपारच्या बॅचची सगळी कमिट त्याच्या नावावर जमा होतात. कोणी बदललं हे नोंदवण्यासाठी तर हा सगळा खटाटोप. सामायिक संगणक असतील तर नाव त्या फोल्डरपुरतंच भरायला शिकवावं. विंडोजवर 'ॲड' केल्यावर ओळींच्या शेवटाबद्दल एक धमकीवजा सूचनाही येते. तिच्याकडे पहिल्या दिवशी खुशाल दुर्लक्ष करावं.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. संदेश न देता नुसतं 'गिट कमिट' म्हटलं की अनेक संगणकांवर व्हिम हा एडिटर उघडतो आणि नवखा माणूस त्यात अडकतो. कळा दाबल्या तरी अक्षरं उमटत नाहीत, बाहेर पडायचं बटण नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न २०१२ मध्ये विचारला गेला आणि २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. म्हणजे यात अडकणारे एकटेदुकटे नाहीत. एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि शेवटी एंटर, एवढा मंत्र फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवावा.

'ॲड' आणि 'कमिट' या दोन पायऱ्या का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो रास्त आहे. उत्तर तोंडी देण्यापेक्षा करून दाखवावं. पुरणपोळीत गुळाचं प्रमाण बदलायचं आणि त्याच बसणीत कटाच्या आमटीच्या फाइलमधली शुद्धलेखनाची चूकही सुधारायची. दोन फायली बदलल्या, पण बदलांची कारणं वेगळी. आधी पुरणपोळी 'ॲड' करून तिची नोंद करायची, मग आमटी 'ॲड' करून तिची. कोणते बदल एका नोंदीत जावेत हे ठरवण्यासाठी मधली पायरी आहे, हे दोन कमिट समोरासमोर पाहिल्यावर पटतं.

खरा कस लागतो संदेशात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे संदेश सारखेच असतात: 'अपडेट', 'चेंजेस', 'फायनल', 'फायनल २'. जुन्या सवयीने फाइलच्या नावातून काढता पाय घेतला आणि संदेशात मुक्काम ठोकला, एवढंच. 'गूळ बदलला' हा संदेशसुद्धा फारसा कामाचा नाही, कारण काय बदललं ते गिट दाखवतंच. 'गूळ पाऊण वाटी. एक वाटीने पुरण सैल होतं' असं लिहिलं, तर वर्षभराने होळीच्या आदल्या दिवशी ती नोंद उपयोगी पडते. वर्गात एक व्यायाम चांगला लागू पडतो. फाइल न दाखवता एकाच्या नोंदींची यादी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आठवडाभरात काय काय घडलं ते सांगायला लावायचं. 'अपडेट' लिहिणाऱ्याची फजिती शिक्षकाने वेगळी करावी लागत नाही.

लेखन, भाषांतर, संपादन करणाऱ्यांच्या वर्गात एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गिट फरक मोजतं ते ओळीओळीने. ज्याचा परिच्छेद ही फाइलमधली एकच लांब ओळ आहे, त्याने स्वल्पविराम बदलला तरी अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. 'वर्ड-डिफ' हा पर्याय दिला की शब्दाशब्दाचा फरक दिसतो. तो मोकळ्या जागेवरून शब्द तोडत असल्यामुळे मराठीलाही चालतो. अनेक लेखक त्याहून सोपी युक्ती करतात: एक वाक्य, एक ओळ. वर्डची फाइल मात्र गिटला देऊन फारसा फायदा नाही. आतून ती झिप केलेलं गाठोडं असते. गिट ती सांभाळतं, पण आत काय बदललं हे आपणहून सांगू शकत नाही.

कॉन्फ्लिक्ट हा विषय बहुतेक शिक्षक शेवटच्या तासासाठी ठेवतात आणि वेळ संपतो. मग विद्यार्थ्याची आणि त्याची पहिली भेट एकट्याने, रात्री, मुदत तोंडावर असताना होते. ही भेट वर्गातच, मुद्दाम घडवून आणावी. दोघांना एकाच पाककृतीची प्रत द्यायची. एकाने गुळाच्या ओळीतलं प्रमाण बदलायचं, दुसऱ्याने त्याच ओळीत गूळ काढून साखर घालायची. (पुरणात गूळ की साखर यावर महाराष्ट्रात एकमत होणार नाही, तेव्हा उदाहरण अगदी चपखल.) दोघांचे बदल एकत्र आणताच गिट थांबतं. फाइलमध्ये डाव्या कोनांची सात चिन्हं, खाली एकाची ओळ, मग सात बरोबरच्या खुणा, खाली दुसऱ्याची ओळ, आणि शेवटी उजव्या कोनांची सात चिन्हं. घाबरायचं कारण नाही. गिटला स्वयंपाक येत नाही म्हणून ते विचारतंय. दोघांनी एकमेकांशी बोलायचं, हवी ती ओळ ठेवायची, खुणांच्या तिन्ही ओळी पुसायच्या, 'ॲड' आणि 'कमिट' करायचं. फारच गुंता झाला तर 'मर्ज' कमांडला 'अबॉर्ट' जोडून आधीच्या जागी परतता येतं. एक चूक हमखास होते: खुणा तशाच ठेवून कमिट मारली जाते. गिट तेही मुकाट्याने स्वीकारतं, म्हणून ही चूक एकदा सगळ्यांसमोर करून दाखवलेली बरी.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गिट शिकवलेल्या जेनी ब्रायन यांचा २०१८ मधला लेख या क्षेत्रात बराच वाचला जातो. त्यांचा सल्ला व्यवहारी आहे. रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासह प्रकल्पाचा फोल्डर, आधी गिटहब या ऑनलाइन सेवेवर तयार करावी आणि तिथून क्लोन करावी, म्हणजे तिची प्रत आपल्या संगणकावर उतरवावी, म्हणजे जोडणीची कटकट टळते. बटणांचं ॲप्लिकेशन वापरण्यात कमीपणा मानू नये. आणि सगळंच विस्कटलं तर बदललेल्या फायली बाजूला काढून ठेवाव्यात, ताजी प्रत क्लोन करावी, फायली परत आत टाकाव्यात. याच उपायावर २०१५ मध्ये एक्सकेसीडी या वेबकॉमिकने विनोद केला होता. मुरलेल्या प्रोग्रॅमरना हा उपाय अडाणीपणाचा वाटतो. पण नवख्याला रात्री अकरा वाजता वाट दाखवणारा उपाय शास्त्रशुद्ध नसला तरी शिकवण्याजोगा आहे.

गिट आणि गिटहब एकच, हा समज इतका पसरला आहे की तो दोनतीनदा खोडावा लागतो. गिट २००५ चं, आपल्या संगणकावर चालणारं. गिटहब २००८ मध्ये सुरू झालेली सेवा, जी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ७५० कोटी डॉलरला घेतली. कमिट केलं म्हणजे काम वर गेलं असं नाही, त्याला पुश करावं लागतं. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब पुशसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही, टोकन किंवा एसएसएच किल्ली लागते. वर्गाचा एक तास यातच जातो, आणि जाऊ द्यावा.

भाषेचा प्रश्न आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने एका पद्धतीने सोडवला आहे. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, पडद्यावर इंग्रजी सॉफ्टवेअर जसंच्या तसं, निवेदन मात्र मराठीसह भारतीय भाषांत. शिकणाऱ्याने खिडकी शेजारी ठेवून सोबत करत जायचं. कमांड इंग्रजीत, कारण मराठीत, अशी ही विभागणी गिटच्या वर्गालाही शोभते.

हे सारं प्रोग्रॅमरपुरतं नाही याचा दाखला वॉशिंग्टन शहराने दिला. तिथल्या नगर परिषदेने शहराचे कायदे गिटहबवर ठेवले आहेत. २०१८ मध्ये जोशुआ टॉबरर या नागरिकाला त्यात एक मुद्रणदोष दिसला. त्याने दुरुस्ती सुचवणारी पुल रिक्वेस्ट पाठवली, परिषदेच्या अधिकाऱ्यांनी ती तपासली आणि मजकूर सुधारला. कायदा बदलला नाही, छपाईची चूक सुधारली गेली, पण कोणी सुचवलं आणि कोणी मान्य केलं हे कोणालाही पाहता येतं.

रीबेस, चेरीपिक, सबमॉड्यूल हे विषय पहिल्या महिन्यात काढूच नयेत. एक गोष्ट मात्र पुढे ढकलता येत नाही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये पासवर्डची किंवा एपीआय किल्लीची फाइल असते, 'ॲड' करताना सगळंच आत घेतलं जातं आणि पुश होतं. लक्षात आल्यावर विद्यार्थी फाइल पुसून पुन्हा कमिट करतो आणि निश्चिंत होतो. आधीच्या कमिटमध्ये ती तशीच असते, आणि सार्वजनिक रिपॉझिटरी चाळून अशा किल्ल्या वेचणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. म्हणून त्या फायलींची नावं 'गिटइग्नोर'मध्ये पहिल्या कमिटच्या आधी लिहायची, आणि तरीही काही बाहेर गेलंच तर सर्वांत आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्यायची. इतिहासातून ती काढण्याची खटपट त्यानंतर, शिक्षकाला शेजारी बसवून.